विश्वोत्पत्तिविचार : आधुनिक विश्वस्थितिशास्त्र व हिंदू तत्त्वज्ञान

विश्वाला आरंभ आहे की ते अनादी आहे, आरंभ असल्यास तो कशापासून व कोणत्या क्रमाने झाला आणि विश्वाचा शेवट कसा होईल, या प्रश्नांचा विचार म्हणजे विश्वोत्पत्तिविचार होय. आधुनिक काळात हा विचार भौतिकी व खगोलशास्त्र यांच्या आधारे विश्वस्थितिशास्त्रात केला जातो. भारतात तो ऋग्वेदातील सूक्तांपासून ब्राह्मणे, उपनिषदे, दर्शने, पुराणे व ज्योतिषसिद्धांत यांतून चालत आलेला आहे. या दोहोंत काही ठिकाणी लक्षणीय साम्य आढळते. आरंभीची भेदरहित अवस्था, तिच्यातून व्यक्त जगाचा क्रमाक्रमाने झालेला विस्तार, अब्जावधी वर्षांचे कालखंड, सृष्टी व प्रलय यांचे चक्र आणि अनेक विश्वांची कल्पना ही साम्यस्थळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चर्चेत आहेत. तथापि हे साम्य कोठे संख्येचे आहे, कोठे प्रतिमेचे आहे आणि कोठे मूळ प्रश्नाचे आहे, हे निरनिराळे पाहिल्याशिवाय त्याचे मोल ठरविता येत नाही.

आधुनिक विश्वस्थितिशास्त्र : ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत संपूर्ण विश्वाला लावला, तेव्हा विश्व स्थिर आहे असे त्यांनी गृहीत धरले होते व त्यासाठी समीकरणांत एक जादा पद घातले होते. अलेक्झांडर फ्रीडमान यांनी १९२२ मध्ये आणि झॉर्झ लमेत्र यांनी १९२७ मध्ये याच समीकरणांतून प्रसरणशील विश्वाची प्रतिमाने काढली. दीर्घिकांचा दूर जाण्याचा वेग त्यांच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, हे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये ताम्रच्युतीच्या (वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकण्याच्या) निरीक्षणांवरून दाखविले. प्रसरणाचा इतिहास उलट दिशेने वाचला, तर पूर्वी विश्व अत्यंत घन व तप्त होते असे निष्पन्न होते. लमेत्र यांनी १९३१ मध्ये विश्वाच्या आरंभासाठी ‘आद्य अणू’ ही कल्पना मांडली. १९४८ मध्ये जॉर्ज गॅमो व राल्फ ॲल्फर यांनी तप्त आरंभावस्थेत मूलद्रव्यांची अणुकेंद्रे कशी घडली असतील याचे गणित मांडले. त्याच वर्षी ॲल्फर व रॉबर्ट हर्मन यांनी त्या अवस्थेचे थंड झालेले प्रारण आजही विश्वात सर्वत्र असले पाहिजे, असे भाकीत केले. ‘महास्फोट’ हे नाव मात्र या सिद्धांताचे विरोधक फ्रेड हॉईल यांनी १९४९ मधील एका नभोवाणी भाषणात वापरले व ते रूढ झाले.

हॉईल, हेर्मान बाँडी व टॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतानुसार विश्वाला आरंभ नाही; प्रसरणामुळे रिकाम्या होणाऱ्या अवकाशात नवे द्रव्य निर्माण होत राहते. या दोन सिद्धांतांतील वादाचा निर्णय मुख्यतः निरीक्षणांनी लागला. १९६४–६५ मध्ये आर्नो पेन्झियस व रॉबर्ट विल्सन यांना सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारण आढळले. त्याचे तापमान सु. २·७ केल्व्हिन आहे. कोबे उपग्रहाने त्यातील सु. एक लक्षांश इतके सूक्ष्म चढउतार दाखविल्याचे १९९२ मध्ये जाहीर झाले. पुढे डब्ल्यूमॅप व प्लांक या उपग्रहांच्या मापनांवरून विश्वाचे वय सु. १३·८ अब्ज वर्षे ठरले. दूरच्या अतिदीप्त नवताऱ्यांच्या अभ्यासावरून विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वेगावत आहे, असे १९९८ मध्ये दिसून आले. प्लांकच्या मापनांनुसार विश्वात नेहमीचे द्रव्य सु. ५ टक्के, कृष्ण द्रव्य सु. २७ टक्के व कृष्ण ऊर्जा सु. ६८ टक्के आहे.

महास्फोट सिद्धांत विश्वाच्या निर्मितीचे कारण सांगत नाही. तप्त व घन अवस्थेपासून आजपर्यंतच्या उत्क्रांतीचे ते वर्णन आहे. पेनरोझ व हॉकिंग यांच्या १९७० मधील प्रमेयानुसार व्यापक सापेक्षतेची समीकरणे भूतकाळात मागे नेली असता विशिष्ट अटींखाली ती एका टप्प्यावर निरर्थक ठरतात. त्यापलीकडे जाण्यासाठी गुरुत्वाकर्षणाचा पुंजसिद्धांत हवा आणि तो अजून सिद्ध झालेला नाही. तौलनिक चर्चा बहुधा याच अज्ञात सीमेभोवती फिरत असते.

वैदिक विचार : ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात विश्वोत्पत्तीविषयी अनेक सूक्ते आहेत आणि त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत. पुरुषसूक्तात (१०·९०) विराट पुरुषाच्या यज्ञातून सृष्टी झाली असे वर्णन आहे. विश्वकर्मसूक्तांत (१०·८१–८२) कारागिराची प्रतिमा आहे. तर हिरण्यगर्भसूक्तात (१०·१२१) सुवर्णमय गर्भापासून आरंभ मानला आहे. सात ऋचांच्या नासदीय सूक्तात (१०·१२९) विचाराची झेप सर्वांत मोठी आहे. आरंभी सत् व असत् ही दोन्ही नव्हती, मृत्यू व अमरत्व नव्हते, रात्र व दिवस यांचे चिन्ह नव्हते, असे सांगून हे सूक्त एका अवर्णनीय तत्त्वाकडे निर्देश करते. ते तत्त्व तपाच्या सामर्थ्याने प्रकट झाले व काम हे मनाचे पहिले बीज ठरले, असे त्यात म्हटले आहे. शेवटी देवसुद्धा सृष्टीनंतरचे असल्याने हे कोणाला ठाऊक असणार, असा प्रश्न येतो. परम आकाशातील अधिष्ठात्यालाही ते ठाऊक असेल किंवा नसेल, अशा संशयावर सूक्त संपते.

शतपथ ब्राह्मणात (११·१·६) आद्य जलात सुवर्णमय अंडे उत्पन्न होऊन एक वर्ष तरंगत राहिले व त्यातून प्रजापती जन्मला, अशी कथा आहे. छांदोग्य उपनिषदात (३·१९) अंडे फुटून त्याच्या रुपेरी व सोनेरी अर्धांपासून पृथ्वी व द्युलोक झाले, असे वर्णन येते. त्याच उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपला पुत्र श्वेतकेतू याला आरंभी एकच अद्वितीय सत् होते असे शिकवितो आणि असतापासून सत् उत्पन्न झाले हे मत युक्तीला धरून नाही म्हणून नाकारतो. उलट, तैत्तिरीय उपनिषदात (२·७) असतापासून सत् झाल्याचा उल्लेख आहे. ‘अभावातून भाव निर्माण होऊ शकतो काय’ हा भारतीय तत्त्वज्ञानातील मोठा वाद या वचनांभोवतीच वाढला.

दर्शनांतील मते : सांख्य दर्शनानुसार कार्य उत्पत्तीपूर्वी कारणात सूक्ष्म रूपाने असतेच (सत्कार्यवाद). सत्त्व, रज व तम या गुणांची साम्यावस्था म्हणजे अव्यक्त प्रकृती. पुरुषाच्या सान्निध्याने ही साम्यावस्था ढळते व महत्, अहंकार, मन व दहा इंद्रिये, पाच तन्मात्रे आणि पाच महाभूते अशा क्रमाने जग व्यक्त होते. पुरुष व प्रकृती धरून ही तत्त्वे पंचवीस होतात.

वैशेषिकांच्या आरंभवादानुसार नित्य परमाणूंच्या संयोगाने द्व्यणुक, त्र्यणुक या क्रमाने स्थूल पदार्थ होतात. प्रशस्तपादांनी सृष्टी व संहार यांचा विधी सविस्तर दिला असून तेथे ईश्वर निमित्तकारण आहे व जीवांचे अदृष्ट (पूर्वकर्मजन्य संस्कार) परमाणूंना गती देण्यास साहाय्यक ठरते. मीमांसकांपैकी कुमारिल भट्ट यांनी संपूर्ण जगाची एकदम उत्पत्ती व एकदम प्रलय या दोन्ही कल्पना नाकारल्या. जग जसे आज आहे तसेच नेहमी होते, असा त्यांचा पक्ष आहे. ‘हिंदू तत्त्वज्ञानानुसार विश्व चक्राकार आहे’ असे सरसकट विधान त्यामुळे करता येत नाही.

वेदान्तात ब्रह्म हे जगाचे उपादान व निमित्त अशी दोन्ही कारणे आहे. शंकराचार्यांच्या मते जग हा ब्रह्माचा विवर्त आहे, वास्तविक परिणाम नव्हे. गौडपादांच्या अजातिवादात तर परमार्थतः काही उत्पन्न झालेलेच नाही. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात अज्ञान हे जगाचे कारण मानण्याचे खंडन करून जग हे चैतन्याचेच स्फुरण आहे असे प्रतिपादिले. विशेष म्हणजे श्रुतीतील सृष्टिवर्णनांत परस्परविरोध का दिसतो, याचे उत्तर देताना ब्रह्मसूत्रभाष्यात (१·४·१४) शंकराचार्यांनी म्हटले आहे, की सृष्टीचा क्रम सांगणे हे त्या वचनांचे तात्पर्यच नाही. ती ब्रह्माचे ज्ञान करून देण्यासाठी आहेत. श्रुतिवचने भौतिकीच्या विधानांप्रमाणे वाचण्याची मर्यादा परंपरेतच अशा प्रकारे सांगितलेली आहे.

पौराणिक कालगणना व प्रलय : पुराणे व सूर्यसिद्धांत यांत कृत (१७,२८,००० वर्षे), त्रेता (१२,९६,००० वर्षे), द्वापर (८,६४,००० वर्षे) व कली (४,३२,००० वर्षे) मिळून ४३,२०,००० वर्षांचे एक महायुग होते. एक हजार महायुगांचा एक कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस, ४·३२ अब्ज वर्षांचा असून रात्रही तितकीच मोठी असते. अशा ३६० अहोरात्रांचे एक वर्ष व शंभर वर्षांचे ब्रह्मदेवाचे आयुष्य. ते ३,११,०४० अब्ज मानवी वर्षांचे होते. दिवसाच्या अखेरीस नैमित्तिक व आयुष्याच्या अखेरीस प्राकृतिक प्रलय होतो. प्राकृतिक प्रलयात पृथ्वी जलात, जल तेजात, तेज वायूत व वायू आकाशात असा सृष्टिक्रमाच्या उलट लय विष्णुपुराणात वर्णिला आहे.

या संख्यांचा उगम पाहण्याजोगा आहे. शतपथ ब्राह्मणात (१०·४·२) ऋचांची गणना प्रत्येकी ३६ अक्षरांच्या १२,००० बृहती छंदांइतकी दिली आहे. तिचा गुणाकार ४,३२,००० अक्षरे होतो. ज्योतिषसिद्धांतांत महायुग हा ग्रहगणिताचा सोयीचा कालखंड आहे. त्या अवधीत प्रत्येक ग्रहाच्या पूर्ण फेऱ्या मोजल्या, म्हणजे त्याची मध्यम गती पूर्णांकांत मांडता येते. उदा., एका महायुगात चंद्राच्या ५,७७,५३,३३६ फेऱ्या मानल्या आहेत. आर्यभटांनी चारही युगे समान, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांची धरली व कल्प १,००८ महायुगांचा मानला. स्मृतींपासून दूर गेल्याबद्दल ब्रह्मगुप्तांनी त्यांच्यावर टीका केली. या संख्या निश्चित करण्यात गणिताची सोय हाही एक विचार होता, हे यावरून स्पष्ट होते.

साम्यस्थळांची चिकित्सा : (१) कालमान. कल्पाची ४·३२ अब्ज वर्षे व पृथ्वीचे वय सु. ४·५४ अब्ज वर्षे यांची जवळीक वारंवार दाखविली जाते. परंतु कल्प हा ब्रह्मदेवाच्या दिवसाचा पूर्ण अवधी आहे. त्यातील लोटलेला काळ नव्हे. परंपरेनुसार चालू श्वेतवाराह कल्पातील सहा मन्वंतरे व त्यांचे संधिकाल, सातव्या वैवस्वत मन्वंतराची सत्तावीस महायुगे आणि अठ्ठाविसाव्यातील तीन युगे संपून कलियुग चालू आहे. या हिशेबाने कल्पारंभापासून सु. १·९७ अब्ज वर्षे झाली. ब्रह्मदेवाच्या आयुष्याची पन्नास वर्षे सरली असे धरले, तर लोटलेला काळ १,५५,५२० अब्ज वर्षांहून अधिक होतो. यांपैकी कोणतीही संख्या पृथ्वीच्या वा विश्वाच्या वयाशी जुळत नाही. मात्र मानवी इतिहासाच्या तुलनेत विश्वाचा काळ कल्पनातीत मोठा आहे, ही जाणीव या कालगणनेत निःसंशय आहे. जगाचे वय काही सहस्र वर्षे मानणाऱ्या परंपरांच्या तुलनेत ती उठून दिसते.

(२) हिरण्यगर्भ व महास्फोट. तप्त बीजावस्थेतून विश्वाचा विस्तार ही प्रतिमा दोहोंत समान भासते. तथापि हिरण्यगर्भ आद्य जलावर तरंगणारा आहे, म्हणजे त्याच्याभोवती काही तरी आहे. महास्फोट हा पूर्वीपासून असलेल्या अवकाशातील एका ठिकाणचा स्फोट नव्हे. त्यात अवकाशाचेच प्रसरण होते, त्याला मध्य नाही व बाहेरची बाजूही नाही. ‘ब्रह्म’ हा शब्द वाढणे या अर्थाच्या ‘बृह्’ धातूपासून आला असल्याने त्यात विश्वप्रसरण सूचित आहे, हा युक्तिवाद केवळ व्युत्पत्तीवर आधारलेला आहे.

(३) अव्यक्तातून व्यक्त. आधुनिक सिद्धांतानुसार अतितप्त विश्वात आज भिन्न दिसणारी बले एकरूप होती. विद्युत् चुंबकीय व दुर्बल ही दोन बले सेकंदाच्या सु. एक लक्ष कोटीव्या भागाच्या सुमारास विभक्त झाली. नंतर पहिल्या काही मिनिटांत हीलियमची अणुकेंद्रे व सु. ३,८०,००० वर्षांनी अणू तयार झाले. साम्यावस्था ढळून भेद निर्माण होतो, ही रचना सांख्यांच्या गुणसाम्याशी मिळतीजुळती आहे. फरक क्रमात आहे. सांख्यांत बुद्धी व अहंकार आधी आणि स्थूल भूते शेवटी येतात. विज्ञानात द्रव्य आधी, तर जीव व मन अब्जावधी वर्षांनंतर येतात. सांख्यांच्या मांडणीचा हेतू पुरुषाचा भोग व कैवल्य हा आहे. भौतिकीत प्रयोजनाला स्थान नाही.

(४) सृष्टिप्रलयाचे चक्र. फ्रीडमान यांच्या प्रतिमानांपैकी एकात विश्व प्रसरण पावून पुन्हा आकुंचन पावते. रिचर्ड टोलमन यांनी १९३४ मध्ये दाखविले, की अशा आवर्तनांत एंट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) साठत जाऊन प्रत्येक आवर्तन आधीच्याहून मोठे होते. म्हणजे मागे गेल्यास आवर्तने लहान होत जातात व अनादी चक्र टिकत नाही. पुराणांतील कल्प समान लांबीचे असतात व सृष्टी पूर्वीप्रमाणेच पुन्हा रचली जाते, ही कल्पना ऋग्वेदातील १०·१९० या सूक्ताच्या आधारे मांडली जाते. पॉल स्टाइनहार्ट व नील टुरोक यांचे २००२ मधील आणि पेनरोझ यांचे २००५ नंतरचे प्रतिमान एंट्रॉपीची अडचण टाळण्याचा प्रयत्न करतात. त्यांना अद्याप निर्णायक निरीक्षणाधार नाही. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये स्थिरवत् स्थिती सिद्धांत मांडला. त्यात दीर्घकालीन प्रसरणावर लहान आवर्तने येतात व विश्वाला आरंभ नसतो. बहुसंख्य वैज्ञानिकांनी तो स्वीकारला नाही. यापेक्षा मूलभूत भेद कारणाचा आहे. वेदान्तात (ब्रह्मसूत्रे २·१·३४–३६) संसाराचे अनादित्व जीवांच्या कर्मांतील विषमतेचा खुलासा करण्यासाठी मानले आहे. चक्र हे नैतिक व्यवस्थेचे अंग आहे. भौतिकीतील आवर्तने ऊर्जा व गुरुत्वाकर्षण यांवर अवलंबून असतात.

(५) अनेक विश्वे. विष्णुपुराण व भागवत यांत असंख्य ब्रह्मांडांचा उल्लेख आहे. ॲलन गूथ यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या स्फीतीच्या (आरंभीच्या अतिवेगवान प्रसरणाच्या) काही रूपांतून अनेक विश्वे निष्पन्न होतात. येथे कल्पना समान आहे. परंतु दोन्हीकडे प्रत्यक्ष पडताळा नाही.

(६) सत् व असत्. एडवर्ड ट्रायन यांनी १९७३ मध्ये विश्व हा निर्वातातील पुंजचढउतार असू शकेल असे सुचविले. अलेक्झांडर व्हिलेंकिन यांनी १९८२ मध्ये विश्व ‘शून्यातून’ उद्भवल्याचे प्रतिमान मांडले. यावर तत्त्वज्ञांचा आक्षेप असा, की ज्याला पुंजभौतिकीचे नियम लागू पडतात ते शून्य नव्हेच; नियम व क्षेत्र असलेले निर्वात हेही एक सत् आहे. उद्दालकाचा आक्षेप तर्कदृष्ट्या याच जातीचा आहे. येथील साम्य उत्तराचे नसून प्रश्नाचे आहे आणि म्हणूनच ते अधिक खोल आहे. नासदीय सूक्तातील संशयालाही हेच लागू पडते. साक्षी म्हणून कोणीही उपस्थित नसलेल्या घटनेविषयी ज्ञान कसे मिळणार, हा त्यातील प्रश्न आजही जिवंत आहे. विज्ञानाने त्याला अंशतः उत्तर दिले आहे : घटनेचे साक्षीदार नसले, तरी तिचे अवशेष वाचता येतात.

तुलनेचा इतिहास : स्वामी विवेकानंदांनी १८९६ मध्ये एका पत्रात अशी आशा व्यक्त केली होती, की निकोला टेस्ला आकाश व प्राण यांच्या एकतेला गणिती आधार देतील व वेदान्ताचा विश्वविचार पक्क्या पायावर उभा राहील. त्या काळी भौतिकीत ईथर हे सर्वव्यापी माध्यम मानले जात असल्याने आकाशाशी त्याची तुलना स्वाभाविक होती. १९०५ मधील विशिष्ट सापेक्षता सिद्धांतानंतर ईथरची गरज उरली नाही व ती तुलनाही निराधार झाली. फ्रिट्यॉफ काप्रा यांच्या १९७५ मधील ‘द टाओ ऑफ फिजिक्स’ या ग्रंथाने नटराजाचे नृत्य व मूलकणांची उत्पत्ती-लयक्रिया यांची तुलना लोकप्रिय केली. २००४ मध्ये भारताने भेट दिलेली नटराजाची मूर्ती जिनीव्हाजवळील सर्न संस्थेत उभारण्यात आली. कार्ल सेगन यांनी १९८० च्या ‘कॉसमॉस’ मालिकेत हिंदू कालमानाची जवळीक गौरवाने सांगितली, पण ती आकस्मिक आहे हेही स्पष्ट केले. १९९८ नंतर वेगावणाऱ्या प्रसरणामुळे पुनराकुंचनाची शक्यता मागे पडली आणि आंदोलनशील विश्वावर आधारलेली कल्पांची तुलना दुबळी झाली. २०२४–२५ मध्ये डेसी या सर्वेक्षणातून कृष्ण ऊर्जा कालानुसार बदलत असावी असे संकेत मिळाले. ते अद्याप निर्णायक नाहीत.

असा प्रयत्न केवळ भारतातच झाला असे नाही. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये महास्फोटाला ईश्वरी निर्मितीचा दुजोरा मानले, तेव्हा स्वतः धर्मगुरू असलेल्या लमेत्र यांनाच ते रुचले नाही. वैज्ञानिक सिद्धांत पुराव्यानुसार बदलतो. त्याला श्रद्धेचा आधार केल्यास सिद्धांताबरोबर तो आधारही ढळतो, हे त्यांना ठाऊक होते.

मूल्यमापन : वैज्ञानिक विधानाचे वैशिष्ट्य असे, की ते मापनाने खोटे ठरू शकते. ॲल्फर व हर्मन यांनी पार्श्वभूमी प्रारणाचे तापमान सु. ५ केल्व्हिन असेल असे आधीच सांगितले होते आणि पुढे ते मोजले गेले. प्राचीन ग्रंथांतील वचनांतून असे कोणतेही मापनीय भाकीत निरीक्षणापूर्वी काढले गेलेले नाही. साम्य नेहमी शोधानंतर दाखविले गेले आहे. त्यामुळे आधुनिक विश्वस्थितिशास्त्र वेदांत आधीच होते, हे विधान टिकत नाही. पण याच कारणास्तव प्राचीन विचार कालबाह्य ठरतो, असेही नाही. त्याचा विषय वेगळा आहे : जगाचे अधिष्ठान काय, त्याला जाणणारा कोण आणि जाणण्याची मर्यादा कोणती. सत्कार्यवाद, आरंभवाद, विवर्तवाद व मीमांसकांचा अनादिवाद यांच्या परस्परवादातून कारण, काल व अस्तित्व या संकल्पनांची जी छाननी झाली, ती विश्वाच्या आरंभाविषयी बोलताना आजही उपयुक्त आहे. तिचे मोल आधुनिक सिद्धांतांशी जुळण्यावर अवलंबून नाही. ते सिद्धांत बदलले तरीही ते कमी होत नाही.